कोणत्या तारखेला?

विमानांचं वेड असलेली माणसं ढोबळमानाने तीन प्रकारची. पहिल्याला विमान आकाशात दिसलं की पुरतं. तो मान वर करतो, विमान गेलं की खाली घेतो आणि कामाला लागतो. दुसऱ्याला आकडे लागतात: वेग किती, तोफा किती, उंची किती गाठतं. हा लग्नाच्या पंगतीत शेजारी आला तर मठ्ठा येईपर्यंत सहन करता येतो. तिसरा प्रकार म्हणजे मार्किंगवाले. विमान उडतं की नाही, याच्याशी यांना फारसं देणंघेणं नसतं. १९४० सालच्या एका ठरावीक हरिकेनच्या शेपटीवरचे तिरंगी पट्टे पार वरपर्यंत गेले होते की अर्ध्यावरच थांबले होते, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. आणि ते कळेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नाही.

आमच्या इमारतीतले नाना हे या तिसऱ्या प्रकारातले. आयुष्यभर सरकारी ऑडिटमध्ये लोकांच्या व्हाउचरांवर टिंबं काढली आणि निवृत्त झाल्यावर हवाई दलांच्या मागे लागले. त्यांना कौतुकाने काही सांगायला जाऊ नये. मी एकदा गेलो. म्हटलं, "नाना, दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या नावाची स्पिटफायर विमानांची एक तुकडी होती म्हणे!"

"एक नाही, दोन," नाना म्हणाले. "१२२ म्हणजे 'बॉम्बे' आणि १३२ म्हणजे 'सिटी ऑफ बॉम्बे'. पहिलीच्या विमानांवर एमटी, दुसरीच्या एफएफ. बडोद्याची १२४ वेगळी, तिच्यावर ओएन. तुमचा प्रश्न कुठल्या विमानाबद्दल आहे?"

माझा प्रश्नच नव्हता. पण अशा वेळी रिकाम्या हाताने परतायला संकोच वाटतो, म्हणून विचारलं, "त्यांचा रंग कुठला होता?"

नानांनी चष्मा काढला. "कोणत्या तारखेला?"

हा या जमातीचा मूळ प्रश्न. स्पिटफायरचा रंग कुठला, असं विचारणं त्यांच्या लेखी अडाणीपणाचं. १९४० च्या मे महिन्यात विमानाच्या अंगावरच्या वर्तुळाला पिवळं कडं आलं. तोवर पोट अर्धं काळं, अर्धं पांढरं असायचं, ते जूनपासून 'स्काय' नावाच्या फिकट हिरवट रंगाचं झालं. नोव्हेंबरअखेर शेपटीजवळ त्याच रंगाचा पट्टा आला, नाकाचा शंकूही त्याच रंगाचा झाला. लगोलग डाव्या पंखाची खालची बाजू पुन्हा काळी. पुढच्या ऑगस्टमध्ये पाठीवरचा तपकिरी जाऊन तिथे करडा आला. त्यात 'स्काय' वेळेवर मिळेना म्हणून ठिकठिकाणच्या लोकांनी हाताशी होतं ते कालवून आपापलं आकाश तयार केलं. म्हणजे तारीख सांगितल्याशिवाय रंग नाही, आणि तारीख सांगितली तरी रंग मिळेलच असं नाही.

नानांच्या घरात फायलींचं एक कपाट आहे. प्रत्येक फाईल एका विमानाची. एका जातीच्या विमानांची नव्हे, एका विमानाची. टेबलावर दोन भिंगं, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि पेन्सिली. पेन कुठेच नाही. एकदा भाचीकडे लंडनला गेले तेव्हा राजवाडा, घड्याळ, पूल सगळं सोडून ते रोज क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन बसत. तिथल्या वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. नानांना तो नियम इतका पटला की परत आल्यावर दुधाचा हिशेबही पेन्सिलीने सुरू झाला.

शेजारच्या काचेच्या कपाटात त्यांनी जोडलेली मॉडेलं आहेत, एकास बहात्तर प्रमाणातली. खऱ्या स्पिटफायरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वाअकरा मीटर, इथे ते जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर. विमानाच्या क्रमांकाची खरी अक्षरं आठ इंच उंचीची, इथे ती तीन मिलिमीटरही भरत नाहीत. एवढ्या बारीक अक्षरांसाठी एवढी मोठी फाईल! पण कपाटासमोर उभं राहिल्यावर पाहुणे बुचकळ्यात पडतात, कारण ही सगळी विमानं राखाडी प्लॅस्टिकची, बिनरंगाची. नाना शांतपणे सांगतात, "अजून संशोधन अपुरं आहे."

त्यांच्याबरोबर युद्धपट पाहू नये. १९६९ चा 'बॅटल ऑफ ब्रिटन' मी त्यांच्या घरी पाहिला. पडद्यावर जर्मन मेसर्श्मिटांचा थवा आला, मी पुढे सरसावून बसलो, आणि नाना म्हणाले, "ही स्पेनमध्ये बनलेली आहेत. आत इंजिन मर्लिन. स्पिटफायरचंच." पडद्यावर माणसं पटापट मरत होती आणि नाना हळहळत होते ते अक्षरं चुकल्याबद्दल.

खरी मेहनत आहे ती जुळवाजुळवीत. ब्रिटिश लढाऊ विमानाच्या ओळखी दोन. एक कारखान्यातून मिळालेला क्रमांक, जन्मभराचा. दुसरी तुकडीने अंगावर रंगवलेली तीन अक्षरं: दोन तुकडीची, तिसरं त्या विमानाचं. तुकडीच्या दप्तरात कोण वैमानिक, कुठल्या क्रमांकाचं विमान, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, सगळं असतं. विमानाचं अक्षर तेवढं नसतं. वैमानिकाच्या लॉगबुकात बहुतेक वेळा नुसतं अक्षर, क्रमांक नाही. दोन्ही कागद समोर ठेवून नाना पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींच्या गांभीर्याने बसतात. अमुक दिवशी सकाळी हा गडी 'के'मध्ये बसला असं लॉगबुक म्हणतं, त्याच वेळी तो अमक्या क्रमांकात होता असं दप्तर म्हणतं. गुण जुळले. पण एका तारखेवर नाना हळद लावत नाहीत. कारण आजचं 'के' उद्या पडलं की परवा नवं विमान येतं आणि त्यालाच 'के' मिळतं. उत्तर आफ्रिकेतला जर्मन वैमानिक हान्स-योआखिम मार्सेय याचं 'पिवळं १४' जगप्रसिद्ध आहे, आणि नाना लगेच विचारतात, कुठलं पिवळं १४? कारण ती एकामागून एक अनेक होती.

शिवाय दप्तर लिहिणारा कारकून. युद्ध चालू, रात्रीची वेळ, थंडी मरणाची. त्याने टंकताना ३ चा ८ केला की आठवड्यापूर्वी आपटून चक्काचूर झालेलं विमान मंगळवारी दुपारी पुन्हा उडतं. कधी कधी तर कारखान्यातून बाहेर पडायच्या आधीच लढून येतं. अशी नोंद हाती लागली की नानांचा चेहरा उजळतो. जुन्या खात्यातला कोणीतरी भेटल्याचा तो आनंद असतो.

मग फोटो. फोटोंवर विश्वास ठेवावा तर त्या काळी बऱ्याच जणांच्या कॅमेऱ्यात ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म असायची. तिला लाल दिसत नाही. लाल काळा येतो, पिवळा गडद येतो, निळा मात्र फिका. त्यामुळे वर्तुळाचं पिवळं कडं आजूबाजूच्या गडद रंगात बुडून जातं आणि चांगलं कडं असलेलं विमान बिनकड्याचं ठरतं. त्याच विमानाचा त्याच दुपारी दुसऱ्या फिल्मवर काढलेला फोटो दुसरंच सांगतो. त्यातून वाचलेले फोटो सेन्सॉरने खरवडलेले. तुकडीची अक्षरं शत्रूला कळू नयेत म्हणून त्याने ती पुसली, आणि नानांच्या मते शत्रूपेक्षा नानांचंच नुकसान जास्त झालं. आणि जिथे सेन्सॉर पोचला नाही तिथे माणसं उभी आहेत. वैमानिक, मेकॅनिक, तुकडीचा कुत्रा, सगळे रांगेने बरोबर क्रमांकासमोर.

या जमातीत मोठी भांडणं तीन, आणि गंमत म्हणजे तिन्ही निळ्यावरून. पहिलं बॉटिशमचं. १९४४ च्या उन्हाळ्यात केंब्रिजशायरमधल्या बॉटिशम तळावरच्या चार अमेरिकन मस्टँग विमानांचा हवेतला रंगीत फोटो निघाला. पुढचं विमान कर्नल थॉमस ख्रिश्चन यांचं, नाव 'लू ४', त्यांच्या मुलीच्या नावावरून. या विमानांच्या पाठी हिरव्या की निळ्या? फोटोत निळसर दिसतात. निळंवाले म्हणतात, डोळे आहेत ना? हिरवंवाले म्हणतात, तेवढ्या उंचीवर काढलेली जुनी रंगीत फिल्म सगळ्यालाच निळी झाक देते, आणि भांडारात निळा रंग होता कुठे? त्याच ऑगस्टमध्ये ख्रिश्चन मारले गेले. त्यांना विचारायची सोय राहिली नाही. भांडण अजून धडधाकट आहे.

दुसरं माल्टाचं. १९४२ च्या वसंतात 'वास्प' या अमेरिकन विमानवाहू जहाजातून माल्टा बेटाकडे स्पिटफायर पाठवली. ती होती वाळवंटी रंगात, आणि उडायचं होतं समुद्रावर. म्हणून घाईघाईत निळी केली. कुठला निळा, किती निळा, ब्रिटिश डब्यातला की अमेरिकन जहाजावरच्या डब्यातला, यावर आयुष्यं खर्ची पडली आहेत. तिसरं जर्मनांचं. युद्धाच्या शेवटी त्यांच्याकडे ८१, ८२, ८३ असे रंग होते. ८३ म्हणजे गडद हिरवा, हे पिढ्यान्‌पिढ्या पाठ. आता काही संशोधक म्हणतात, ८३ निळा होता. म्हणजे इतकी वर्षं ज्याला ८३ म्हणत आलो तो ८३ नव्हेच. ही बातमी आली त्या रात्री नाना जेवले नाहीत.

चौथं भांडण आमच्या सोसायटीत झालं. इमारत रंगवायची ठरली आणि सभेत ठराव झाला, 'रंग पूर्वीचाच द्यावा.' पूर्वीचा म्हणजे कुठला? निम्मे म्हणाले पिस्ता, निम्मे म्हणाले आकाशी. चेअरमननी चूक केली आणि नानांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मीटरच्या पेटीमागे पॉलिश पेपर घेऊन उभे. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात एका फॉके-वुल्फ विमानाचे रंग असेच थराथराने घासून खालच्या जुन्या खुणा बाहेर काढल्या होत्या, हे त्यांनी वॉचमनला समजावून सांगितलं. दुपारपर्यंत भिंतीवर रुपयाएवढी वर्तुळं तयार झाली, एकात एक. संध्याकाळी नानांनी अहवाल दिला: पिस्ता आणि आकाशी दोन्ही होते, वेगवेगळ्या साली, सर्वांत खाली मात्र गुलाबी. ठरावातलं 'पूर्वीचा' हे नेमकं कोणत्या तारखेचं, ते कमिटीने आधी ठरवावं. कमिटीने भिंती क्रीम रंगाच्या केल्या आणि मीटरच्या पेटीला कुलूप लावलं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, आणि आम्ही नेतोच. पण एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती. इतकं भांडणारा हा माणूस निष्कर्ष लिहायला बसला की एकदम मवाळ होतो. नानांची कुठलीही फाईल उघडा, शेवटच्या पानावर 'बहुधा' असतो. 'शेपटीवरचा पट्टा बहुधा नंतर रंगवलेला.' 'छायाचित्रावरून तसे दिसते.' 'दुसरा पुरावा मिळेपर्यंत.' आपल्याकडे इतिहासावर बोलायला उठलेला माणूस तीनशे वर्षांपूर्वी कोण कुणाच्या कानात काय म्हणालं हेही छातीठोक सांगतो; त्याला पुरावा मागितला तर खुर्च्या उडतात. आणि इथे एक निवृत्त ऑडिटर ऐंशी वर्षांपूर्वीच्या पट्ट्याबद्दल दहा कागद, चार फोटो पाहून म्हणतो, बहुधा. बाकी कशाला नाही, तरी एवढ्याला मान द्यावासा वाटतो. फक्त त्याच्याबरोबर प्रवास करू नये.

मी केला. काही वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एका घरात जुना अल्बम असल्याचं नानांना कळलं. घरचे आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर हरिकेन उडवत. ते गेले होते, ऐंशी ओलांडलेल्या आजी होत्या. भारतीय तुकड्यांचे फोटो आधीच थोडे, त्यातून घरगुती अल्बम, म्हणून नाना एस.टी.त रात्रभर न झोपल्यासारखे ताठ बसून होते, आणि प्रवास होता सकाळचा.

दिवाणखान्यात शोकेसवर तो फोटो मोठा करून लावलेला होता. तरणेबांड आजोबा, तिरकी टोपी, विमानाच्या अंगाला कोपर टेकलेलं. खाली घरच्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'आजोबा आणि त्यांचे विमान'. मी म्हटलं, "काय रुबाब आहे!"

नाना भिंग लावून म्हणाले, "कोपर जरा वर घेतलं असतं तर क्रमांक दिसला असता."

नातू कौतुकाने पाहत होता. त्याला नानांनी दाखवलं, की वर्तुळाच्या मधोमध लाल ठिपका नाही. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. लाल काही दिसलं की खालचा तोफवाला त्याभोवती निळं कडं आहे का हे बघत बसायचा नाही. म्हणून या आघाडीवर आपल्या विमानांवरचा लाल काढूनच टाकला, गडद निळ्यात फिका निळा उरला. म्हणजे फोटो युद्धाच्या उत्तरार्धातला. कोपराच्या मागून एक अक्षर अर्धं डोकावत होतं. 'के'.

सूनबाईंनी लॉगबुक आणून दिलं. रेशनकार्डं आणि मुंजीच्या पत्रिकांच्या मधून निघालेलं, कोपरे कुरतडलेले, पण आतलं अक्षर मोत्यासारखं. नानांनी पानं उलटायला सुरुवात केली. पोहे आले, निवले. नाना पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवरून मला कळलं की काहीतरी भयंकर घडलेलं आहे. लॉगबुकात 'टी' होतं. पानोपानी 'टी'. 'के' कुठेही नव्हतं.

वर्तुळाचं कडं चुकलं म्हणून भर लग्नात व्याह्यांच्या मित्राशी वाद घालणारे नाना मी पाहिलेले आहेत. पण समोर शोकेसवर तो फोटो, त्याखाली ती ओळ, शेजारी नातू, आणि हातात पोह्यांची बशी. नानांच्या कपाळावर घाम आला. शेवटी बशीकडे बघत ते म्हणाले, "हे जे विमान आहे... म्हणजे या फोटोतलं... लॉगबुकाप्रमाणे पाहिलं तर... साहेबांनी हे बहुधा कधी उडवलेलं दिसत नाही."

सूनबाईंचा चेहरा पडला. नातवाने वर फोटोकडे पाहिलं. आजी मात्र सुपारी कातरत होत्या, त्या कातरतच राहिल्या.

"नाहीच उडवलं," त्या म्हणाल्या. "त्यांचं टी. ते चिखलानं बरबटलेलं होतं, फोटोवाला म्हणाला हे नको. हे के नुकतंच आलं होतं, कोरं करकरीत. सगळ्यांनी पाळीपाळीनं त्याच्याचपाशी काढून घेतले. लग्न ठरवायला हाच फोटो आला होता आमच्याकडे. लग्न झाल्यावर मी विचारलं, विमान तुमचं का हो? तर म्हणाले, विमान दुसऱ्याचं, माणूस मात्र फोटोतलाच आहे, बघून घे."

माणसाची आठवण हा सगळ्यात शेवटचा पुरावा, असं नाना नेहमी सांगतात. पण हे ऐकून ते खुर्चीच्या कडेवर आले. "काकू, कोणत्या तारखेला?"

"मागे लिहिलंय की. काढून बघा."

अल्बममधला मूळ फोटो नानांनी कागदी कोपऱ्यांतून अलगद सोडवला. मागे शाईने तारीख होती. लॉगबुकात त्याच तारखेला 'टी'चं सकाळचं उड्डाण आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात मोजून तीन शब्द: पाऊस, धावपट्टीवर चिखल. नानांनी वही काढली आणि मन लावून लिहिलं. आजींनी चष्मा नीट केला आणि वही आपल्याकडे ओढली.

"'विमान बहुधा नवे.' बहुधा कशाला? मी सांगतेय ना."

"काकू, तसं नाही, पण एकाच साक्षीवर..."

"त्यांच्या एका शब्दावर मी साठ वर्षं संसार केला. तुमची एक ओळ होत नाही?"

नाना थोडा वेळ तसेच बसले. मग खिशातून खोडरबर काढून त्यांनी 'बहुधा' खोडला आणि फुंकर मारली. पुढे लिहायला पेन्सिल उचलणार, तोच आजींनी सुपारीच्या डब्याशेजारचं बॉलपेन त्यांच्या हातात दिलं.